स्टॉपर पुढे का गेला? जर्नेलसिंग आणि जकार्ता १९६२

सोयाबीन घरात आलं की आमच्याकडे टुर्नामेंटचे बॅनर झळकायला लागतात. कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट जास्त, फुटबॉल थोडा. पण जिथे फुटबॉल आहे तिथे एक प्रसंग हमखास घडतो. संघ एका गोलने मागे, पाच-सात मिनिटं उरलेली, आणि बाहेरून कुणीतरी ओरडतं, "अबे, त्या बॅकले पुढं काढ!" मग कप्तान आणि पी.टी.चे सर यांच्यात तिथल्या तिथे जुंपते. सरांचं म्हणणं, मागे खिंडार पडेल. बाकीच्यांचं म्हणणं, जर्नेलसिंग नव्हता का गेला पुढे? डोक्याला टाके होते, तरी गोल मारून भारताला सुवर्ण दिलं होतं.

गोष्ट खरी आहे, १९६२ च्या जकार्ता एशियाडमधल्या (आशियाई खेळांतल्या) फुटबॉलची. पण ती अशी सांगितली जाते की जणू एक जखमी सरदार चिडला आणि सुसाट पुढे धावला. प्रत्यक्षात तो निर्णय त्याचा नव्हता, आणि चिडून घेतलेला तर नव्हताच.

जर्नेलसिंग ढिल्लों यांचा जन्म २० फेब्रुवारी १९३६ चा. फाळणीत त्यांचं कुटुंब पश्चिम पंजाब सोडून होशियारपूर जिल्ह्यात आलं. जर्नेल तेव्हा अकरा वर्षांचा. या जिल्ह्यातलं माहिलपूर हे फुटबॉलवेडं गाव. तिथल्या खालसा कॉलेजातून पंजाबला कित्येक खेळाडू मिळाले. जर्नेल तिथेच घडला. शेतकऱ्याच्या घरचं शरीर, उंच उडी, समोरच्याच्या पायातून बॉल काढून घेणारी घसरती टॅकल. अशा मुलाला कुठलाही सर मागेच उभा करणार.

आमच्याकडेही तेच होतं. विदर्भाच्या खेडेगावातला खेळ मुळात आखाड्याचा आणि कबड्डीचा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि जर्नेल जन्मला त्याच १९३६ साली मंडळाची मंडळी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. फुटबॉल आपल्याकडे आला तो कामठीच्या छावणीसारख्या वाटांनी, आणि बराच काळ नागपूर-कामठीच्या आसपासच राहिला. खेड्यात तो पोचला तेव्हा मैदानावर आखाड्यातलीच पोरं होती. म्हणून आपला बॅक म्हणजे जो दंड-बैठका मारतो तो. पायात कसब असलेला पुढे, अंगात जोर असलेला मागे, ही वाटणी आपण अजूनही सोडलेली नाही. जर्नेलची गोष्ट नेमकी या वाटणीच्या आड येते, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

माहिलपुरातून तो कलकत्त्याला गेला. आधी राजस्थान क्लब, मग १९५९ पासून मोहन बागान. पुढची जवळजवळ दहा वर्षं तो तिथलाच. जागा एकच, स्टॉपर. हा शब्द आज पोरं सहज वापरतात, पण त्यामागे इतिहास आहे. जुन्या पद्धतीत मागे दोनच बॅक असत, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड. ऑफसाइडचा नियम (बॉल मिळण्याआधीच फॉरवर्डने समोरच्या बॅकच्या पलीकडे जाऊन उभं राहू नये, हा) १९२५ मध्ये सैल झाला आणि गोलांचा पाऊस पडायला लागला, तेव्हा इंग्लंडात मधल्या हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. त्याचं काम एकच: समोरच्या सेंटर फॉरवर्डला अडवणं. सामनाभर त्याच्या सावलीत राहायचं. भारतात हे रुजायला वेळ लागला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं, तेव्हा आपले काही खेळाडू अनवाणी होते. नव्या पद्धतीचं मनावर घेतलं गेलं ते त्यानंतर.

मनावर घेणारा माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५० पासून राष्ट्रीय संघाची सूत्रं त्यांच्याकडे होती. त्यांच्याच हाताखाली १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या एशियाडमध्ये सुवर्ण आलं आणि १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. शिक्षक होते म्हणून असेल, कोणत्या विद्यार्थ्याला कोणता धडा येतो याची त्यांना पक्की नोंद असायची. खेळाडू आज कुठे खेळतो एवढंच नव्हे, तो आधी कुठे खेळून आलाय हेही ते लक्षात ठेवत. जर्नेल कॉलेजात असताना फॉरवर्ड म्हणूनही खेळला होता. ही गोष्ट कलकत्त्याने विसरली होती, रहीम विसरले नव्हते.

आता जकार्ता. ऑगस्ट १९६२. इकडे पोळा तोंडावर आलेला, विदर्भ महाराष्ट्रात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिकडे एशियाडमध्ये भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. पुढच्या सामन्यात थायलंडला ४-१ ने हरवलं, पण त्यातच जर्नेलचं डोकं फुटलं. टाके पडले. किती, याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, आणि खरं सांगायचं तर त्या आकड्याने काही फरकही पडत नाही. जपानविरुद्ध तो बाहेर होता. भारत तो सामना २-० ने जिंकला.

इथे रहीम यांच्यापुढे खरा पेच होता. स्टॉपरच्या जागी अरुण घोष उतरला आणि त्याने जागा उत्तम सांभाळली. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. जर्नेल खेळायला तयार, पण डोक्यावर पट्टी. स्टॉपर म्हणून उभं केलं तर दर उंच बॉल त्याच डोक्याने बाहेर फेकायचा. आणि मध्येच जखम उघडली तर? तो काळ आजचा नाही. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत बदली खेळाडू उतरवायची मुभासुद्धा १९७० मध्ये मिळाली. मागचा माणूस सामन्यात कोसळला तर भिंतच पडते. पुढचा कोसळला तर निदान भिंत शाबूत राहते.

म्हणून घोष मागे राहिला आणि जर्नेल सेंटर फॉरवर्ड झाला. उपांत्य सामना ३-२ असा सुटला. चुनी गोस्वामीचे दोन, जर्नेलचा एक.

माझ्या मते यात रहीम यांची आणखी एक हुशारी होती. स्टॉपर सगळं आयुष्य सेंटर फॉरवर्डला पाठीमागून बघत काढतो. तो कुठे वळतो, बॉल येण्याआधी खांदा कसा टाकतो, क्रॉसवर कोणत्या क्षणी निसटतो, हे त्याला त्या फॉरवर्डपेक्षा जास्त माहीत असतं. त्याला नुसतं तोंड फिरवून उभं केलं की तेच ज्ञान उलटं वापरता येतं. शिवाय समोरच्या स्टॉपरला अंगाने भारी फॉरवर्डची सवय नव्हती. हे गणित सगळ्याच बॅकना लागू होत नाही, हे मात्र खरं. ज्याला पहिल्या स्पर्शात बॉल थांबवता येत नाही तो पुढे जाऊन फक्त गर्दी वाढवतो, आणि आपल्या तालुक्याच्या मैदानावर बहुतेक वेळा तेच होतं. कडक काळ्या मातीवर बॉल गुडघ्याएवढा उसळतो, पऱ्हाटीची खुंटं पुरती निघालेली नसतात, आणि आपला पैलवान बॉल छातीवर घ्यायला जातो तर तो त्याच्या हनुवटीवर आदळून लाइनबाहेर जातो. बाहेरचे हसतात, सर कपाळाला हात लावतात.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. वातावरण भारताच्या पूर्ण विरोधात होतं. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी या खेळांना एशियाड म्हणावं का असा सवाल केला, आणि जकार्तातली माणसं भडकली. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये भारतीय संघाची हुर्यो उडवली जात होती. आजारातून उठलेला पीटर थंगराज गोलकीपर, समोर चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, घोष. जर्नेल पुढेच.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल मारला. विसाव्या मिनिटाला जर्नेलने दुसरा. कोरियाचा एकमेव गोल ८५ व्या मिनिटाला आला. २-१. म्हणजे दोन गोल झाल्यावर भारताने पासष्ट मिनिटं कोरियाला दाराबाहेर ठेवलं, आणि हे काम त्या घोष-चंद्रशेखर-त्रिलोकच्या भिंतीने केलं. गोष्ट सांगताना हे तीन जण गळतात. जर्नेलला पुढे सोडता आलं कारण हे तिघे मागे होते. मैदानावर जुंपते तेव्हा सरांची बाजू हीच असते, फक्त त्यांना घोषचं नाव आठवत नाही.

रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये ते गेले.

जर्नेल पुन्हा स्टॉपरच्या जागी परतला. मोहन बागानने १९६३, ६४ आणि ६५ असा सलग तीनदा ड्युरँड कप जिंकला, तो मधल्या या स्टॉपरच्या जोरावर. १९६४ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे भारताचं कप्तानपद आणि आशियाई निवड संघाचं नेतृत्वही. निवृत्तीनंतर पंजाबच्या खेळाडूंना शिकवलं. १३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडात त्यांचं निधन झालं. एशियाडच्या फुटबॉलमध्ये जकार्तानंतर भारताला एकच पदक मिळालं, १९७० मध्ये बँकॉकला, तेही कांस्य.