लीलावतीचा मोती केवढा होता?

पाटणादेवीच्या दर्शनाला चाळीसगावकडे गेलेल्या माणसाच्या कानावर भास्कराचार्यांचे नाव पडतेच, आणि त्यामागोमाग लीलावतीची कथाही येते. मुलीच्या पत्रिकेतला दोष टाळण्यासाठी वडिलांनी, म्हणजे भास्कराचार्यांनी, लग्नाची एकच शुभ घटिका काढली आणि पाण्यावर घटिकापात्र, म्हणजे तळाच्या बारीक भोकातून पाणी शिरून ठरलेल्या वेळेत बुडणारे भांडे, सोडले. ते पाहायला वाकलेल्या लीलावतीच्या अंगावरचा मोती पात्रात पडून भोक बुजले, पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळला. या कथेचा सगळा भार एका खऱ्या उपकरणावर आहे, म्हणून ती मोजून पाहता येते.

आधी कथेचे वय पाहू. ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ ज्याचा भाग आहे, तो भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ 1150 मधला. पाटणचा शिलालेख 1207 मधला असून, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. दानाच्या शेवटच्या ओळी तर चक्क मराठीत आहेत. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. त्यात मोत्याचा उल्लेख नाही. ‘लीलावती’ ग्रंथातही नाही. तेथे ‘बाले लीलावति’ अशी मायेची हाक आहे, एवढेच. कथा लिखित रूपात भेटते ती 1587 मध्ये, अकबराच्या दरबारातील फैजीने केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी.

भास्कराचार्यांनी स्वतः वर्णिलेले, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेले आपोआप फिरणारे चाक ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमापुढे टिकत नाही. मोत्याची कथा मात्र अधिक चिवट निघते.

घटिका म्हणजे 24 मिनिटे. दिवसरात्रीत पात्र 60 वेळा बुडावे असे भोक पाडायचे. समजा, सरळ काठाचे तांब्याचे पात्र 200 ग्रॅमचे आहे, तोंड 10 सेंटिमीटरचे आहे आणि सुमारे 400 घनसेंटिमीटर पाणी शिरल्यावर ते बुडते. तरंगताना आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीत सुमारे अडीच सेंटिमीटरचा फरक राहतो, तो पात्राच्या वजनामुळे, आणि पात्र भरत गेले तरी तो जवळपास तेवढाच राहतो. घटिकापात्र इतके नेमके चालते ते यामुळेच. भोकातून पाणी किती वेगाने वाहते हे सांगणाऱ्या, इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी 1644 मध्ये मांडलेल्या नियमाने हिशेब केला, तर भोक जेमतेम 1 मिलिमीटरचे ठरते.

आता मोती. पाणी खालून वर शिरते, त्यामुळे भोकावर बसलेल्या मोत्याला ते वर ढकलते, आणि हा रेटा सुमारे 20 मिलिग्रॅम वजनाइतका असतो. 2 मिलिमीटरच्या मोत्याचे वजन 11 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याची धार त्याला बाजूला सारणार. 3 मिलिमीटरच्या मोत्याचे वजन 38 मिलिग्रॅम भरते. भोवती थोडे पाणी साचून तो हलका झाला तरी 24 मिलिग्रॅम उरतातच. शिवाय तो गोल असल्यामुळे गोल भोकावर फट न ठेवता बसतो. नथीत किंवा मुंडावळ्यांत याहून मोठे मोती सहज असतात.