प्रौढांमधील स्वमग्नता : शंभरात एक, तरीही नोंदीबाहेर

स्वमग्नतेचे, म्हणजे संवाद साधण्याची व इतरांशी वागण्याची रीत लहानपणापासून वेगळी असलेल्या ‘ऑटिझम’ या अवस्थेचे, आकडे आपल्यासमोर येतात ते बहुधा लहान मुलांचे. अमेरिकेतील पाहणीत आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली १५० पैकी एक असलेले प्रमाण २०२२ साली ३१ पैकी एकावर पोहोचले, आणि ही अवस्था झपाट्याने फैलावत असल्याचा समज त्यातूनच रूढ झाला. पण ही वाढ खरी असेल, तर पूर्वी जन्मलेल्यांमध्ये स्वमग्न व्यक्ती फारच थोड्या आढळायला हव्यात. म्हणूनच प्रौढांची मोजणी मला अत्यंत महत्त्वाची वाटते.

अशी मोजणी इंग्लंडमध्ये २००७ साली झाली. केवळ रुग्णालयांतील नोंदींवर विसंबून राहिले असते, तर कधीच निदान न झालेली माणसे मोजणीतून निसटली असती. त्यामुळे लेस्टर विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ टेरी ब्रुघा यांच्या गटाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीचाच आधार घेतला. तीत घरोघरी जाऊन ७,४६१ प्रौढांना प्रश्नावली देण्यात आली आणि उत्तरांच्या आधारे निवडलेल्या ६१८ जणांशी प्रत्यक्ष संवाद साधून, त्यांच्या बोलण्या-वागण्याचे ठरावीक पद्धतीने निरीक्षण करण्यात आले. त्यातून निघालेले प्रमाण हजारी ९.८, म्हणजे साधारण शंभरात एक, असे होते. स्वमग्न ठरलेल्या व्यक्ती अवघ्या १९ असल्याने खरे प्रमाण हजारी ३ ते १६.५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, हे मात्र विसरता कामा नये.

तरीही दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. वय वाढेल तसे प्रमाण घटत जाते, असे दिसले नाही. आणि त्या १९ जणांपैकी एकाचेही पूर्वी निदान झालेले नव्हते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन १९४३ साली केले आणि निदानाचे निकष त्यानंतर अनेक दशके कडकच राहिले, हे लक्षात घेतले की आजच्या साठीतल्या माणसाच्या बालपणी त्याच्याकडे या दृष्टीने कोणी का पाहिले नाही, ते उमगते. मुलांच्या आकड्यांतील वाढीचा बराच भाग व्यापक झालेल्या निकषांमुळे आणि वाढलेल्या जाणिवेमुळे आहे, हे मत त्यामुळे अधिक बळकट होते.

स्त्रियांबाबतच्या निष्कर्षाकडे मात्र सावधपणे पाहायला हवे. या पाहणीत पुरुषांमधील प्रमाण १.८ टक्के, तर स्त्रियांमधील अवघे ०.२ टक्के भरले. परंतु अनेक स्त्रिया इतरांचे अनुकरण करून आपली लक्षणे झाकतात आणि निदानाची साधनेही प्रामुख्याने मुलग्यांच्या निरीक्षणातून घडलेली आहेत, त्यामुळे प्रत्यक्षातील तफावत याहून बरीच कमी असावी.