ड्रॅग : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मोर्डहाऊ किंवा शिव्हलरी २ या मध्ययुगीन तलवारबाजीच्या ऑनलाइन गेमांच्या कुठल्याही सर्व्हरवर थोडा वेळ थांबलं, की चॅटमध्ये कुणीतरी चिडून लिहितंच : 'ड्रॅगर', म्हणजे अंग वळवून वार मुद्दाम उशिरा आणणारा. शिवी घालावी तसं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, 'पॅरी शिक', म्हणजे वार अडवायला शिक. हे भांडण या दोन गेमांच्या आधीचं आहे. ते कुठून आलं हे पाहायचं तर २०१२ मध्ये जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. २००७ मध्ये हाफ-लाइफ २ या गेमवर एज ऑफ शिव्हलरी नावाचा मोड, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेम बदलून बनवलेला गेम, आला. फुकट आणि ओबडधोबड, पण जीव लावणारा. २०१० मध्ये अंकाराहून वॉरबँड हा गेम आला आणि वर-खाली-डावी-उजवी अशा चार दिशांचं ब्लॉकिंग ऑनलाइन लढाईत रुळलं. त्यात घोडे होते, भाले होते, वेगाने धावत येऊन मारलं तर घाव जास्त लागायचा. वॉरबँड मी खूप खेळलो, पण माझा जीव अडकला तो शिव्हलरी : मेडिव्हल वॉरफेअरमध्ये.

एज ऑफ शिव्हलरी बनवणाऱ्यांपैकीच काहींनी टोरंटोत स्टुडिओ काढला, आधी चाहत्यांकडून पैसे उभे केले आणि १६ ऑक्टोबर २०१२ ला हा गेम विक्रीला आणला. त्यांचा एक निर्णय पुढच्या सगळ्या गेमांना पुरून उरला. बटण दाबल्यावर वार 'लागला' की 'हुकला' हे तिथल्या तिथे ठरवायचं नाही. पातं हवेतून फिरत असताना त्या क्षणी ते ज्याला भिडेल त्याला घाव. वार सुटल्यापासून संपेपर्यंत पात्यावरचे बिंदू सतत तपासले जातात. खेळणाऱ्यांच्या बोलीत हे ट्रेसर.

आता याचा अर्थ काय होतो ते बघा. झ्वायहँडर, म्हणजे दोन हातांनी पेलायची लांब तलवार, हातात आहे, डावं क्लिक, आडवा वार उजवीकडून डावीकडे निघालाय. मी माऊस डावीकडे झटकला तर माझं अंगच वाराबरोबर वळतं आणि पातं अपेक्षेआधी पोचतं. हे अ‍ॅक्सेल. उलट माऊस उजवीकडे ओढला तर अंग मागे फिरतं, पातं हवेत रेंगाळतं. समोरच्याने पॅरीसाठी नेहमीच्या ठेक्यात उजवं क्लिक केलेलं असतं. त्याची तलवार आडवी येते, काही न अडवता खाली जाते, आणि ती खाली जात असतानाच माझ्या पात्याचं टोक त्याच्या मानेला लागतं. वार तोच, बटण तेच, फक्त वेळ बदलली. हा ड्रॅग. फेंट वेगळा. फेंटमध्ये वार मधेच रद्द होतो, ड्रॅगमध्ये वार खराच येतो, उशिरा येतो.

शब्दाचा घोळ इथून सुरू होतो. काही जण अ‍ॅक्सेललाही ड्रॅगच म्हणतात. काही जण माऊस जरा हलला तरी ड्रॅग म्हणतात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने सरळ उभं राहून मारलेला वार सोडला तर सगळंच ड्रॅग. आणि शिव्हलरीत तिसरी गोष्ट होती, जिने सगळं बदनाम केलं : रिव्हर्स ओव्हरहेड. डोक्यावरून येणाऱ्या वाराच्या सुरुवातीला पातं खांद्यामागे असतं. मग शत्रूकडे पाठ केली तर? ते मागचं पातं वार सुटल्या सुटल्या त्याला भिडतं. चिलखत घातलेला सरदार पाठ फिरवून, खाली वाकून, गिरकी घेत माणसं मारतोय, हे दृश्य पाहून नवे लोक गेम सोडून गेले. कसलेल्या खेळाडूंच्या गटांत त्याला कौशल्य म्हणत, बाकी सगळीकडे बग.

माझं मत लपवत नाही. ड्रॅग हा या खेळाचा प्राण आहे. कोल्हापुरात मर्दानी खेळात पट्टा फिरवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको : वार मनगटात नसतो, कमरेत असतो, आणि अंग कधी वळेल यावरच पातं कधी येईल ते ठरतं. शरीर वळवून वेळ चोरणं हे शस्त्राच्या स्वभावातच आहे. रिव्हर्स ओव्हरहेडचं समर्थन मात्र मी कधीच केलं नाही. तिथे समोरच्याला वार वाचायला काही उरतच नव्हतं.

पुढचे गेम म्हणजे या एका प्रश्नाला दिलेली उत्तरं. शिव्हलरी खेळून तयार झालेल्या काहींनी वेगवेगळ्या देशांत बसून मोर्डहाऊ बनवायला घेतला. २०१७ मध्ये चाहत्यांनी त्यासाठी जवळपास ३ लाख डॉलर दिले आणि २९ एप्रिल २०१९ ला गेम आला. नाव जर्मन. पातं धरून मुठीकडच्या बाजूने हाणायचं, ही पंधराव्या शतकातल्या शस्त्रविद्येच्या पोथ्यांत चितारलेली युक्ती, आणि गेममध्येही तलवार तशी उलटी धरता येते. ड्रॅगबद्दल त्यांनी मधला मार्ग काढला : तंत्र ठेवलं, पण वार चालू असताना किती वेगाने वळता येईल यावर मर्यादा घातली. वाराचा कोनही माऊसने निवडता येऊ लागला. चेंबर आलं, म्हणजे येणाऱ्या वाराला योग्य क्षणी त्याच कोनातून प्रतिवार. ज्यांना ड्रॅग नको होता त्यांच्यापुढे आता मॉर्फही आला, म्हणजे सुरू केलेला वार मधेच बदलून भोसकणं किंवा उलट. वाद मिटायच्या ऐवजी वाढला.

८ जून २०२१ ला शिव्हलरी २ आला तो ६४ जणांच्या गर्दीची लढाई डोळ्यांपुढे ठेवून. यात दुसऱ्या बाजूने निघणारे वार सरळ बटणावर दिले, म्हणजे गिरकीची गरजच कमी. वाराच्या हालचालीही अशा केल्या की वळलेलं अंग विचित्र दिसू नये. ड्रॅग आहेच, त्याला आता 'स्विंग मॅनिप्युलेशन' असं भारदस्त नाव मिळालंय.

पुण्यातून परदेशातल्या सर्व्हरवर खेळताना याला आणखी एक पदर असतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या वर गेला की समोरच्याचा साधा वारही ड्रॅग वाटतो आणि खरा ड्रॅग दिसतो तेव्हा मुंडकं उडालेलं असतं. मी यावर पॅरी लवकर-उशिरा करून पाहिली, जमलं नाही. जमलं ते पायांनी : झ्वायहँडरवाला उजवीकडे वळू लागला की नेहमीपेक्षा अर्धं पाऊल जास्त मागे. टोक नाकासमोरून जातं, मग आपली पाळी.