पाळक, पंच आणि मायबाप : विदर्भातल्या खेड्यांतली पाळकीय ओढाताण आली कुठून

खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत नवरा-बायकोचं वाजलं की फोन पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पास्टरला, पोरगं कर्ज करून पळालं तरी पाळकसाहेबांना, कोणाची माय रात्र रात्र झोपत नाही, एकटीच बोलून राहिली, तरी आधी पाळकसाहेब आणि मग जमलं तर डॉक्टर. आता हेच पाळकसाहेब रविवारी उपदेश करणार, हेच कमिटीत बसून कोणाला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीतून, बाहेर ठेवायचं ते ठरवणार, लग्नाच्या रजिस्टरवर सही यांचीच, आणि यांचा पगार ज्या वर्गणीतून निघतो ती देणाऱ्यांतला एक जण त्याच भांडणातला नवरा. मग त्या बाईनं मन मोकळं करायचं कोणापाशी? आपण दर वेळी हे एका माणसाच्या स्वभावावर ढकलतो, अमक्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, तमके फार कडक आहेत. मला मात्र वाटतं की यात स्वभावाचा वाटा थोडा आहे. पाळकाची ही जागाच आपल्याकडे अशी घडली, आणि ती कशी घडली हे माहीत नसेल तर पुढचं सगळं ट्रेनिंग वरवरचं राहते.

सुरुवात नागपूरची. स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये इथे आले, तेव्हा राज्य भोसल्यांचं होतं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं, १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली आणि मिशनं कापसाच्या आणि रेल्वेच्या मागे मागे पसरली. हिस्लॉप माणूस मोठा होता, शाळा काढली, गोंड लोकांची भाषा-गाणी जमवली, भूगर्भाचा अभ्यास केला आणि १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. शिक्षक, संशोधक, उपदेशक, सरकारदरबारी लोकांची बाजू मांडणारा, सगळं एकाच माणसात. पुढच्या पिढ्यांनी मिशनरी म्हटलं की हेच चित्र डोळ्यापुढे ठेवलं.

नंतर बाकीची मिशनं आली आणि त्यांनी आपसात भाग वाटून घेतले. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडे स्कॉटिश, चांद्याला (आजचं चंद्रपूर) स्कॉटिश एपिस्कोपल, अकोला, खामगाव, अमरावती पट्ट्यात अलायन्स मिशन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, बुलढाण्याला आणि पुढे वाशिमला नाझरीन, अचलपूर आणि मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारं वेगळं मिशन. एकाच्या भागात दुसऱ्याने काम करायचं नाही असा समझोता होता. त्याचा हेतू चांगला होता, आपसात चढाओढ नको. पण याचा एक परिणाम कोणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे एका तालुक्यात एकच मंडळी आणि एकच पाळक. त्याच्याशी पटलं नाही किंवा त्याच्यापाशी सांगता येत नाही अशी गोष्ट असली तर दुसरं दार नाही. शहरात माणूस दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन बसतो, खेड्यात दुसरं चर्च चाळीस किलोमीटरवर आणि तिथलेही अर्धे लोक नात्यातले. गोष्ट गुप्त राहत नाही अशी तक्रार आज आपण करतो तिची एक मुळी इथे आहे.

पण खरा साचा घडला तो दुष्काळात. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा, ज्याला जुने लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात माणसं पानं-मुळं खाऊन जगत होती, आईबाप मेलेली पोरं रस्त्याच्या कडेला सापडायची. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरून कितीतरी मुली-बायांना केडगावला घेऊन गेल्या. इथल्या मिशनांनीही अनाथालयं काढली, पोरांना सुतारकी, विणकाम, शेती शिकवली, पोरींना शिवण आणि वाचन. आणि ही पोरं मोठी झाली तेव्हा त्यांची लग्नं जमवली कोणी? मिशनरी साहेबाने आणि मॅडमनेच. नोकरी साहेबाकडे, घर कंपाऊंडमध्ये, दवाखाना तोच, शाळा तीच, भांडण झालं तर निवाडा बंगल्याच्या व्हरांड्यात. मायबाप म्हणायचे ते खरंच मायबाप होते, कारण दुसरे राहिलेच नव्हते. त्या पोरांचा जीव त्या लोकांनी वाचवला, हे मला पूर्ण मनापासून मान्य आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण ज्याच्या हातात तुमची भाकरी, घर आणि लग्न आहे त्याच्यापुढे तुम्ही मन उघडं करू शकत नाही, कबुली देऊ शकता फार तर. सल्ला आणि हुकूम यातला फरक तिथेच पुसला गेला. ती अनाथ पोरं हे आज इथल्या किती तरी मंडळ्यांतल्या घरांचे खापरपणजोबा-पणजोबा, त्यामुळे ही सवय घराघरांतून खाली आली, पुस्तकातून नाही.

कंपाऊंडच्या बाहेर राहून ख्रिस्ती झालेल्यांची कथा वेगळी. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, हे समजलं तेव्हा त्या कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं-ओवळं, माहेरचे, सासरचे सगळे आपापल्या बाजूने ओढत होते. त्या काळात त्या बाईपाशी बसून तिचं ऐकून घेणारा पाळक कोण होता? नवऱ्याचा आत्मा वाचला हा आनंद आणि बायकोचा संसार मोडला हे दुःख, या दोन्हीला एकाच वेळी जागा देणं ही पाळकीय सेवेतली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि आजही मेळघाटात नाहीतर झरी-मारेगावकडे एखाद्या घरात एकटा माणूस मंडळीत यायला लागला की पाळकापुढे तोच प्रश्न उभा राहते, घर सांभाळायचं की माणूस.

त्यात कागद आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातीला ही अट नाही, म्हणून गोंड-कोरकू विश्वासणाऱ्याचं एक आणि दलित विश्वासणाऱ्याचं दुसरं. एका बाकावर बसून एकच गीत गाणारी दोन माणसं, आणि पोराच्या ॲडमिशनच्या वेळी दोघांची दुनिया वेगळी. वर्षानुवर्षं मंडळीत येणारा माणूस म्हणतो, साहेब, रजिस्टरला नाव नका टाकू. आता पाळकाने त्याला काय सांगावं? खोटं बोलू नको म्हणावं तर लेकरांचं शिक्षण आडवं येते, चालते म्हणावं तर स्वतःचं मन खाते. याला समुपदेशनाच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही आणि मला त्या पाळकांची खरंच काळजी वाटते.

याच काळात, म्हणजे १९५४ मध्ये, मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली, तेव्हा राजधानी नागपूर आणि विदर्भ त्याच राज्यात. १९५६ मध्ये अहवाल आला आणि धर्मांतरासाठी आलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावं, दवाखान्याचा उपयोग धर्मांतराला होऊ नये असं त्यात होतं. १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मांतरावरचा कायदा झाला तोवर विदर्भ महाराष्ट्रात होता, पण संशय काही राज्याची हद्द पाहून थांबत नाही. खाटेवरच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं ही पाळकाची सगळ्यात जुनी सेवा, तीच शेजाऱ्याला आमिष वाटू लागली. पाळक आता बिगरख्रिस्ती घरात बोलावलं तरी दहादा विचार करून जातात, आणि बोलावणारी बाई त्याच वेळी सगळ्यात जास्त गरजू असते.

मिशनरी हळूहळू गेले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, मोठा दिवस होता तो. पण गोरे साहेब गेले तेव्हा बंगले, जमिनी आणि कमिट्या मागे राहिल्या, परदेशातून येणारा पैसा मात्र आटला. देशी पाळकाला साहेबाची खुर्ची मिळाली, साहेबाच्या हातातलं काहीच मिळालं नाही. लोकांची अपेक्षा मात्र तीच राहिली, नोकरी लावून द्या, पोरीचं जमवून द्या, जमिनीच्या केसमध्ये आमच्या बाजूने उभे राहा. आणि ज्याच्या बाजूने उभे नाही राहिले तो पुढच्या महिन्यात बदलीचा अर्ज घेऊन बिशपकडे.

आता समुपदेशन म्हणून जे आपण म्हणतो ते आलं कुठून हे थोडक्यात. अमेरिकेत अँटन बॉयसेन नावाचे पाळक स्वतः मनोरुग्णालयात राहून आले आणि १९२५ मध्ये त्यांनी वुस्टरच्या मनोरुग्णालयात सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेच्या, पोरांना पेशंटपाशी बसायला शिकवणं सुरू केलं. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचं ऐकून घेण्याचं तंत्र त्यात मिसळलं, आणि १९७० मध्ये जे ॲडम्स नावाचे पाळक म्हणाले की हे सगळं नको, पवित्र शास्त्रच पुरे, पापाला पाप म्हणा आणि बोध करा. हे भांडण अमेरिकेतलं, पण इथे ते दोन्ही बाजूंनी आलं, एक पाळक वर्कशॉप करून येतो आणि फक्त ऐकतो, दुसरा फक्त वचन वाचून दाखवतो. गंमत नाही, वाईट वाटते ते याचं की आपल्या दारातच यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली होती, देशभरातून पोरं शिकायला यायची, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. त्यानंतर इथल्या खेड्यातल्या पाळकाला खेड्यात राहूनच, मराठीतून, लोकांच्या दुःखापाशी बसायला शिकवणारी जागा जवळ राहिली नाही.

लग्नाचं तर कायद्यानेच पाळकाला अडकवून ठेवलं होतं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता नाहीतर सोडून जाणं असं काहीतरी सिद्ध करावं लागे, वरून जिल्हा न्यायालयाचा निकाल हायकोर्टात तीन न्यायाधीशांनी कायम करायचा. दारव्ह्याच्या बाईने नागपूरच्या किती चकरा मारायच्या? म्हणून मार खाणाऱ्या बाईला पाळक म्हणायचा, सहन कर माय, प्रार्थना कर, कारण त्याच्याही हातात दुसरं काही नव्हतं. २००१ मध्ये कायदा बदलला, क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं, परस्पर संमतीचा रस्ता आला, तरी सल्ला अजून तोच जुना. कायदा बदलला हे कित्येक कमिट्यांना कोणी सांगितलंच नाही.

आणि मग आत्महत्या. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आत्महत्या केलेल्यासाठी दफनविधी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे, कॅथलिकांच्या १९१७ च्या नियमांतही त्यांना चर्चचं दफन नाकारलेलं, १९८३ च्या नव्या नियमांत ते काढलं. हे नियम आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांनी कधी वाचलेही नसतील, पण त्यामागचा विचार उपदेशांतून रुजला. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तोवर कित्येक गावांत घरटी कोणी ना कोणी ओळखीचा गेलेला. अशा घरात पाळक जातो तेव्हा विधवा पहिलं विचारते, त्याच्या आत्म्याला तारण आहे का साहेब? त्याच दिवशी तलाठी चौकशीला येतो, एक लाखाच्या मदतीला केस पात्र की अपात्र हे ठरायचं असते, कर्ज किती, दारू होती का, घरात भांडण होतं का. पाळकाला आतलं सगळं माहीत, त्या माणसाने मरायच्या आधी त्यालाच सांगितलेलं. बोललं तर घर बुडते, न बोललं तर खोटं. आणि जो वाचला त्याच्यावर २०१८ पर्यंत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणाऱ्या कलम ३०९ ची टांगती तलवार होतीच, म्हणून घरचे दवाखान्यात सांगायचे की चुकून फवारणीचं औषध पोटात गेलं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, तो २०१८ पासून लागू झाला, आणि त्यात अशा माणसाला गुन्हेगार नाही तर तीव्र ताणाखालचा धरून मदत करायची असं आहे. खरं बोलायला इतक्या उशिरा कायद्याने मोकळीक दिली, मग लोकांना खरं बोलायची सवय कशी असणार.

गुपिताला सीमा असते हेही नवीन आहे. कॅथलिक फादरांचा कबुलीचा मोहरबंद नियम १२१५ पासूनचा, प्रोटेस्टंट पाळकापाशी तसा नियम नाही पण अपेक्षा तीच. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की लेकरावर अत्याचार झाल्याचं कोणालाही कळलं तर कळवायलाच पाहिजे, नाही कळवलं तर शिक्षा, आणि पाळकाला त्यातून सूट नाही. माझं मत स्पष्ट आहे, लेकराच्या बाबतीत गप्प राहणं ही सेवा नव्हे, मंडळीचं नाव जाईल म्हणून तर मुळीच नाही. तसंच चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करायच्या, सभेचं, भूत काढायच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, प्रार्थना गुन्हा नाही. नागपूरच्या मेंटल हॉस्पिटलची गोळी आणि प्रार्थना दोन्ही एकाच दिवशी चालतात, वाशिमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलपासून कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यापर्यंत मिशनच्या डॉक्टर-नर्सेसनी तेच केलं.

राहिली एक गोष्ट, जी इतिहासात कोणी नीट लिहिली नाही. मिशनच्या काळात बायबल बाई असायच्या, घरोघरी जायच्या, चुलीपाशी बसायच्या, बायांचं खरं दुःख त्यांनाच माहीत असायचं. मिशनरी गेले तसं ते पदही बहुतेक ठिकाणी गेलं आणि ते काम पाळकीणबाईच्या अंगावर आलं, बिनपगारी, बिनशिक्षणाचं, आणि नवऱ्यापासूनही लपवून ठेवायच्या गोष्टींसकट. आज खेड्यात निम्म्याहून जास्त समुपदेशन तीच करते असं मला मंडळ्या पाहून वाटते. तिला शिकवा, तिला मानधन द्या, शेजारच्या तालुक्यातल्या पाळकीणबाईचा नंबर प्रत्येक मंडळीच्या बायांकडे असू द्या म्हणजे दुसरं दार तयार होईल, टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी फुकट नंबर चर्चच्या फळ्यावर लिहा, आणि कमिटीत बसणारा माणूस अन् मन ऐकणारा माणूस एकच नको हा ठराव पुढच्या वार्षिक सभेत आणा.