पहिली आवृत्ती आणि पहिले मुद्रण

‘प्रथम प्रकाशन १९९७’ असे छापलेला हॅरी पॉटरचा पहिला भाग घरात सापडला की आता लाखो रुपये हाती येणार, अशी समजूत करून घेणारे लोक अजूनही भेटतात. ती ओळ पुढच्या असंख्य प्रतींवरही जशीच्या तशी छापलेली असते, हे त्यांना पुनःपुन्हा सांगावे लागते.

एका अक्षरजुळणीवरून निघालेल्या सर्व प्रती एका आवृत्तीच्या असतात. पण त्याच जुळणीवरून वेगवेगळ्या वेळी छापलेली प्रत्येक खेप हे स्वतंत्र मुद्रण असते. संग्राहक जेव्हा ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो, तेव्हा त्याला त्या आवृत्तीचे पहिले मुद्रणच अभिप्रेत असते, आणि सारा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे तर एक स्वल्पविरामही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणावर ‘पाचवी आवृत्ती’ असे खुशाल छापले जाते, त्यामुळे मराठी वाचकाची दिशाभूल अधिकच होते.

हॅरी पॉटरच्या बाबतीत निवाडा सोपा आहे. शीर्षकपानामागे दहापासून एकपर्यंतच्या अंकांची जी ओळ असते, तिच्यात एक हा अंक शिल्लक असला पाहिजे, कारण दर मुद्रणाला सर्वांत लहान अंक गाळला जातो. पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या मुद्रणाच्या प्रती सुमारे ५०० होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच ग्रंथालयांत गेल्या; त्यांपैकी एक २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात ४,७१,००० डॉलरला विकली गेली. पान ५३ वरील शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची छडी चुकून दोनदा छापली गेली आहे, ही पहिल्या मुद्रणाची खूण मानतात; एवढ्यावरच मात्र हुरळून जाऊ नये. आधी अंकांची ओळ पाहावी.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. एप्रिल १९२५ मध्ये स्क्रिब्नर्स या अमेरिकी प्रकाशन संस्थेने तिच्या २०,८७० प्रती छापल्या, तर ऑगस्टमधल्या दुसऱ्या मुद्रणात अवघ्या ३,०००. वर्ष दोन्हींवर १९२५ हेच असल्याने ओळख पटते ती छपाईच्या चुकांवरून: पान २०५ वर पहिल्या मुद्रणात ‘सिक इन टायर्ड’ आहे, दुसऱ्यात ते ‘सिकँटायर्ड’ (‘सिक अँड टायर्ड’चा बोलीतला उच्चार) असे दुरुस्त केलेले आहे. म्हणजे संख्येने दुर्मिळ आणि मजकुराने शुद्ध ते दुसरे मुद्रण, तरीही किंमत पहिल्याचीच कितीतरी पट अधिक. पुस्तक जगासमोर प्रथम ज्या रूपात आले, ते रूप संग्राहकाला हवे असते. प्रती किती उरल्या हा हिशेब त्यानंतरचा, आणि तोही मागणी असेल तरच. कोणाला नकोच असलेले पुस्तक जगात एकच उरले, तरी त्याला कोणी विचारत नाही.

त्यातही गॅट्सबीच्या पहिल्या मुद्रणाची प्रत मूळ जॅकेटाविना, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाविना, काही हजार डॉलरला मिळते, तर जॅकेटासह लाखाच्या पुढे जाते. त्या जॅकेटाच्या मागील मजकुरात नायकाच्या नावाचे आद्याक्षर चुकून लहान लिपीत छापले गेले होते आणि बहुतेक प्रतींवर ते हाताने दुरुस्त केलेले दिसते. जॅकेट फेकून देऊन पुस्तक रेक्झिनमध्ये ‘मजबूत’ बांधून घेणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. विकत घेताना मी शीर्षकपानाची मागची बाजू आणि जॅकेटाच्या दोन्ही घड्या यांची छायाचित्रे आधी मागतो, आणि जो विक्रेता ती देण्याऐवजी ‘फर्स्ट एडिशन, गॅरंटीड’ एवढेच लिहून पाठवतो त्याच्याशी पुढे बोलत नाही.