वज्री टाचेपुरतीच ठेवा

आंघोळीच्या वेळी ओल्या दंडावरून अंगठा जोरात फिरवला की करड्या मळाच्या बारीक वळ्या निघतात. अजून घासलं की अजून निघतात, आणि अंग कसं स्वच्छ झालं म्हणून बरं वाटतं. पण त्यात धूळ-घाम थोडाच. बराचसा भाग आपल्याच त्वचेच्या मृत पेशींचा असतो. मृत असल्या तरी त्या बिनकामाच्या नसतात. म्हणून टाच घासायची वज्री बाकी अंगावर फिरवू नये.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही बहुतेक ठिकाणी पातळ. त्यात चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर आणि फटींमध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं ही स्निग्ध द्रव्यं. विटांमध्ये चुना भरावा तशी ही रचना आतलं पाणी उडू देत नाही आणि त्रासदायक पदार्थ आत येऊ देत नाही. जुन्या पेशी एकमेकींपासून सोडवण्याचं कामही त्वचेतली विकरं (एन्झाइम) रोज करतात. त्यासाठी त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) 5 च्या आसपास लागते. साबणाच्या वडीचा पीएच असतो 9 ते 10. त्यावर घासणी चालवली की चुनाही जातो आणि विटाही. मग चेहरा ओढल्यासारखा होतो, रोजचं क्रीमही झोंबतं.

सावळ्या त्वचेत घासण्याचा परिणाम नेमका उलटा होतो. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं अंग घासणाऱ्यांच्या खांद्यांवर, गळ्याच्या हाडावर, पाठीवर, म्हणजे हाड वर आलेलं असतं तिथे, तपकिरी-काळे पट्टे उमटतात. त्वचारोगतज्ज्ञ याला फ्रिक्शन मेलॅनोसिस म्हणतात. भारतात आणि जपानमध्ये त्याची चांगलीच नोंद आहे. सततच्या घर्षणाने रंगद्रव्य खालच्या थरात उतरतं आणि तिथल्या पेशींत अडकून बसतं. तिथवर कुठलीच घासणी पोचत नाही. डाग जावा म्हणून माणूस अधिक जोर लावतो, आणि डाग गडद होत जातो.

ग्लायकोलिक आम्लासारखी सोलणारी रसायनं वाईट नाहीत, पण ती रोज लावायची नसतात. त्यांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये तसा इशारा बाटलीवर छापायची शिफारस केली. लिंबू-साखरेचा घरगुती स्क्रब मात्र मला अजिबात पटत नाही. लिंबाचा पीएच 2 च्या जवळ, साखरेचे कण टोकदार, आणि साल पिळताना रस अंगावर राहून ऊन लागलं तर फोड किंवा काळे डागही येऊ शकतात. त्यापेक्षा दिवाळीतलं आपलं उटणं शहाणं: आधी तेल, मग उटणं, त्यामुळे घर्षण कमी. शिवाय वर्षातून मोजक्याच वेळा.

त्वचा बिघडली असेल तर दोन ते चार आठवडे घासणी, स्क्रब, आम्लं सगळं बंद. सौम्य क्लेन्झर, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन.

आणि मान काळी, जाडसर, मखमलीसारखी लागत असेल तर तो मळ नसण्याचीच शक्यता जास्त. अशा बदलाचा अनेकदा इन्सुलिन-प्रतिरोधाशी, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याच्याशी, संबंध असतो. तिथे घासणीपेक्षा रक्तातली साखर तपासणं कामाचं.