केंद्रक नसलेली पेशी आणि परीक्षानळीतले हिमोग्लोबिन

अस्थिमज्जेतून रक्तात नुकती उतरलेली तांबडी पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, अजून कच्ची असते. केंद्रक तिने टाकून दिलेले असते. रायबोसोम (प्रथिने जोडणारी यंत्रे) आणि संदेशवाहक आरएनए (प्रथिन कसे बनवायचे ही सूचना वाहणारा रेणू) मात्र एक-दोन दिवस टिकतात. तेवढ्या काळात ती जवळजवळ एकच प्रथिन बनवते, हिमोग्लोबिन. प्रथिननिर्मितीचा शोध घेणाऱ्यांना याहून सोयीची पेशी क्वचितच सापडली असती.

१९५० च्या दशकात पॉल झॅमेकनिक यांच्या गटाने उंदरांचे यकृत घोटून त्या द्रवात किरणोत्सारी अमिनो आम्ले प्रथिनांत जातात हे दाखवले. पण यकृत असंख्य प्रथिने बनवते, त्यामुळे नेमके कोणते प्रथिन तयार झाले हे कळेना. रिचर्ड श्वीट, हिल्डेगार्ड लॅम्फ्रॉम आणि एस्थर ॲलन यांनी १९५८ मध्ये ही अडचण सोडवली. सशाला फिनाइलहायड्रॅझिन टोचले की तांबड्या पेशी फुटतात आणि तूट भरायला मज्जा कच्च्या पेशी रक्तात सोडते. या पेशी फोडून काढलेले रायबोसोम आणि विद्राव्य भाग एकत्र करून ऊर्जेची सोय केली, तेव्हा पेशीबाहेरच हिमोग्लोबिन बनले.

लॅम्फ्रॉम यांचा पुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची आठवण व्हावी तितकी होत नाही. १९६१ मध्ये त्यांनी ससा आणि मेंढी यांच्या पेशींतले घटक अदलाबदल करून मिसळले. कोणत्या प्राण्याचे हिमोग्लोबिन बनणार हे एकटा रायबोसोम ठरवत नाही, विद्राव्य भागातही काही सूचना असते, असा कल दिसला. संदेशवाहक आरएनएची कल्पना त्याच वर्षी पुढे आली. १९६९ मध्ये रेमंड लॉकर्ड आणि जेरी लिंग्रेल यांनी उंदराचा आरएनए सशाच्या कच्च्या पेशी फोडून मिळवलेल्या द्रवात घालून उंदराचे ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रथिन भाग, बनवून घेतले, तेव्हा प्राण्यांच्या पेशींबाबतही ती थेट सिद्ध झाली.

एक कोडे उरले होते. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, न घालता हा द्रव ठेवला, तर काही मिनिटांतच काम थंडावे. कारण पुढे उलगडले: हीम कमी पडले की एक किनेज एन्झाइम जागे होते, ईआयएफ-२ या आरंभक घटकाला (प्रथिनाची साखळी सुरू करून देणाऱ्या प्रथिनाला) फॉस्फेट जोडते आणि ग्लोबिनची साखळी सुरूच होऊ देत नाही. हीम नसताना निव्वळ ग्लोबिन साठू नये, म्हणून हा बंदोबस्त.

१९७६ मध्ये ह्यू पेल्हॅम आणि रिचर्ड जॅक्सन यांनी कॅल्शियमवर चालणाऱ्या न्यूक्लिएजने द्रवातला मूळ आरएनए तोडला आणि मग कॅल्शियम बांधून ते एन्झाइम निष्क्रिय केले. आता बाहेरून घातलेल्या कोणत्याही संदेशाचे प्रथिन त्यात बनवता येऊ लागले.